बाबांच्या लाईनीवरचा पांढरा ससाणा

आधीच सांगून टाकते… मला असल्या गोष्टी वाचायलासुद्धा जमत नाहीत. मैत्रिणीने या भुताखेतांच्या, चमत्कारांच्या ग्रुपवर ॲड केलं तेव्हा मी दोनदा बाहेर पडले होते. आमच्या घरातून देवघर, अंगारा, नवस हे सगळं आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशीच गेलं. लहानपणी शेजारची कोणी बाई "तिच्या अंगात येते" म्हणाली, की माझे बाबा शांतपणे म्हणायचे, "अंगात ताप येते. दवाखान्यात न्या." मी त्या माणसाची पोरगी आहे. तरी आज लिहायला बसले, कारण जे झालं ते माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये वारासकट, वेळेसकट पडून आहे, आणि ते फोल्डर डिलीट करायला माझा हात धजत नाही.

ठिकाण यवतमाळ जिल्हा, बाभुळगाव तालुका. तालुक्याचं नाव खरं आहे, खेड्यांची नावं मी बदलली आहेत. नाहीतर लोक दुर्बिणी घेऊन यायचे, आणि वरून माझ्याच दुकानात येऊन रस्ता विचारायचे.

आमच्या गावच्या एसटी थांब्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, पीकविम्याचे फॉर्म. पुढे दुकान, मागे घर. मिस्टर पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रक चालवतात, महिन्यातले आठ दिवस घरी. आई जाऊन सहा वर्षं झाली. भाऊ पुण्याला. म्हणजे घरात मी आणि बाबा.

बाबा गावचे पोस्टमन होते. अडतीस वर्षं. आमच्याकडे त्यांना डाकेवाले म्हणतात. सायकल, खांद्याला खाकी झोला, आणि ठरलेली लाईन… सोमवार-गुरुवार टाकळी, मंगळवार-शुक्रवार सोनखास, बुधवार-शनिवार उमरी आणि उमरीच्या पुढे धरणाकाठचं डोंगरखेड. हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. आई त्यावरूनच डब्यात काय द्यायचं ते ठरवायची. टाकळीला एक म्हातारी बाबांना ताक पाजायची, म्हणून सोम-गुरुला डब्यात नुसती भाकर आणि चटणी.

पोस्टातल्या नोकरीची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. खेड्यातल्या डाकवाल्याला रजा हवी असेल तर आपल्या जागी माणूस आपणच द्यायचा. त्याला बदली म्हणतात. बदली भरवशाचा पाहिजे, त्याने काही गोंधळ केला तर जबाबदारी आपली. बदली मिळाला नाही तर रजा नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी बाबा सकाळी सहाला उठून मांडवात नाही, बदलीच्या घरी गेले होते, तो निघाला की नाही हे बघायला. आई यावरून त्यांना शेवटपर्यंत टोमणे मारत होती.

तर बाबांची आठवण जायला लागली तीन वर्षांपूर्वी. आधी चष्मा, मग नावं, मग माणसं. यवतमाळच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला आणि गोळ्या दिल्या. मागच्या वर्षीपासून ते मला ओळखत नाहीत. "वो बाई" म्हणतात. चहा दिला की "बसा ना वो बाई, तुमी पन घ्या" म्हणतात. इतक्या आदराने म्हणतात की रागही येत नाही. रडू मात्र यायचं, पहिले काही महिने रोज.

आणि ते निघायला लागले. सकाळी उठायचं, शर्ट घालायचा, खताच्या कंपनीची एक पिशवी खांद्याला लावायची आणि चालायला लागायचं. दोनदा थांब्यावरून परत आणले, एकदा टाकळीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्याने ओळखून आणून सोडले. दिवाळीनंतर एकदा हायवेच्या फाट्यावर सापडले, ट्रकांच्या मधोमध. त्या दिवशी माझी हिंमत संपली. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, एकतर अमरावतीला त्या वृद्धाश्रमात ठेवू, नाहीतर बाहेरून कडी लाव." मी बाबांच्या खोलीला कडी लावली. सुताराला बोलावलं नाही, लाज वाटत होती. स्वतःच ड्रिलने बसवली आणि तिचा फोटो भावाला पाठवला. लावली, म्हणून.

बाबा आतून दार हलवत होते. मारत नव्हते, नुसतं हलवत होते. मग म्हणाले, "वो बाई, लाईनीवर जायाचं हाये मले."

"आज सुट्टी आहे बाबा."

"सुट्टी हाये तं बदली देल्ला काय?"

मी दमलेले होते. दिवसभर फाट्यावर धावले होते. मी म्हटलं, "हो बाबा, दिला बदली. निजा आता."

"भरवशाचा हाये ना?"

"लय भरवशाचा आहे. निजा."

आणि ते खरंच निजले. त्या दिवसापासून रोज सकाळी हाच सवालजवाब. बदली देल्ला काय, दिला बाबा, गेला काय, गेला बाबा. बदली गेला म्हटलं की शांत बसायचे, खिडकीतून रस्त्याकडे बघत. मी खोटं बोलत होते आणि ते खोटं कामाला येत होतं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण सोडलंही नाही.

आता पाखराकडे येते.

त्याच थंडीत एक दिवस उमरीचा एक माणूस मोबाईल घेऊन दुकानात आला. "ताई, हा फोटो मोठा काढून द्या आन् लॅमिनेशन करा." विजेच्या खांबावर बसलेलं पांढरं पाखरू. मी म्हटलं, भाऊ, बगळ्याचा फोटो कोण लॅमिनेट करते? तो चिडला. म्हणाला, "नीट पाहा ना. चोच पाहा." झूम केलं तर खरंच, चोच वाकडी, डोळे लालसर, पंजे शिकारी पाखराचे. ससाणा होता. पण पांढराशुभ्र, नुकत्या फुटलेल्या बोंडातल्या कापसासारखा. त्याला फोटोखाली अक्षरं पाहिजे होती. मी टाईप करून दिलं… "पांढऱ्या ससाण्याचे दर्शन, मौजा उमरी, बुधवार, सकाळी साडेआठ."

बस्स, तिथून रांग लागली. मग टाकळीचे आले, सोनखासचे आले. कोणाच्या तुरीच्या शेतावर दिसला, कोणाच्या शाळेच्या छपरावर. प्रत्येकाला लॅमिनेशन, प्रत्येकाला खाली गाव, वार, वेळ. माझा तो कॉपी-पेस्टचा मजकूर झाला होता, नुसतं गाव आणि वार बदलायचा. काही बायांनी फोटो देवघरात ठेवला. एकीला मी म्हटलंसुद्धा, बाई, पाखरू आहे ते, उद्या तुमच्या कोंबडीचं पिल्लू उचलून नेईल. ती म्हणाली, "नेऊ द्या, त्याच्या मनात असन तं." मी फाईल सेव्ह केली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

डोंगरखेडबद्दल एक सांगायचं राहिलं. ते गाव धरणात गेलं. माणसांना रस्त्याकडेला नवीन वसाहत मिळाली. बेंबळा धरणाचं पाणी जुन्या गावाच्या अर्ध्यापर्यंत आलं, वरच्या अंगाला आता शाळेची एक भिंत, काही जोती आणि एक मोठी चिंच एवढंच आहे. तिथे जातात ते फक्त मासे धरणारे. देवरावभाऊ म्हणून एक भोई आहेत, डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, जाळी टाकतात. त्यांनी मला तिथले पाच-सहा फोटो पाठवले, सगळे त्या चिंचेवर बसलेल्या ससाण्याचे. नवीन वसाहतीतल्या लोकांची तक्रार होती की पाखरू त्यांच्याकडे येत नाही. मी म्हटलं, पाखराला पाणी लागते, म्हणून ते पाण्याकडे जाते. मला सगळं समजत होतं त्या दिवसांत.

मी स्वतः ते पाखरू एकदाही पाहिलं नव्हतं. दुकान सोडून कुठे जाणार?

मे महिना आला. त्या बुधवारी सकाळी सातला मी बाबांना चहा दिला. ते खाटेवर बसून चहा पीत होते तेवढ्यात पुढून हाका. बचत गटाच्या तिघी. त्यांच्या कार्यक्रमाला पांढऱ्या ससाण्याचे बारा फोटो पाहिजेत, लॅमिनेशनसकट, आत्ताच, साडेआठच्या गाडीने जायचं आहे. मी मशीन चालू केली. मशीन गरम व्हायला वेळ लागतो, तीन फोटो वाकडे निघाले, त्यातल्या एकीचं बोलणं संपत नव्हतं. त्यांना गाडीत बसवून मागे आले तर दार उघडं. कप खाटेखाली नीट ठेवलेला. खुंटीवरची पिशवी नाही.

कडी लावायची मी विसरले होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा. पाखराच्या फोटोपायी.

त्या दिवशी ऊन कसं होतं हे विदर्भाबाहेरच्यांना सांगून समजणार नाही. नऊ वाजताच अंगाची लाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, डोक्याला काही नाही, पाण्याची बाटली नाही. गावातली पोरं, माणसं गाड्या काढून निघाली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. फाटा पाहिला. बाभुळगाव बसस्टँड पाहिलं. टाकळी, सोनखास पाहिलं. दोघं उमरीलाही जाऊन आले. उमरीच्या पारावर सकाळपासून माणसं बसलेली, लग्नाचं बोलणं चालू होतं, त्यांच्यासमोरून डाकेवाले गेले असते तर दहा जणांनी हाक मारली असती. कोणीच पाहिलं नव्हतं. म्हणून उमरीची दिशा सगळ्यांनी सोडून दिली. ठाण्यातून फोटो मागितला. भावाचा फोन आला, तो रडत होता आणि ओरडतही होता. "मी तुला म्हणत होतो ना ताई, अमरावतीला ठेवू. आजच्या आज फॉर्म भरतो. सापडू दे फक्त." मी हो म्हटलं. त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

साडेअकराला मी त्याच कॉम्प्युटरवर "हरवले आहेत" टाईप करायला बसले. नामदेव, वय चौऱ्याहत्तर, अंगात पांढरा शर्ट. 'नामदेव' टाईप करताना तीनदा चुकलं. तेवढ्यात व्हॉट्सॲप वाजलं. देवरावभाऊंचा फोटो आणि आवाजातला मेसेज. "सुजाताताई, आज तं एकदम जवळून भेटला पाहा. मी डोंग्यातून काढला. जुन्या डोंगरखेडात, चिंचेवर, सकाळी सवानऊ वाजता. रेंज नोयती, आता घरी येऊन धाडून राह्यलो. दोन कापी करून ठेवा."

मला इतका संताप आला… म्हटलं आग लागो त्या पाखराला. ब्लॉक करायला बोट नेलं आणि बोट तिथेच थांबलं. बुधवार. डोंगरखेड. सकाळी.

बुधवार म्हणजे उमरी-डोंगरखेड. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, ते माझ्या डब्याच्या हिशेबात बसलेलं होतं. मी फोल्डर उघडलं. चाळीसच्या वर फाईली. टाकळी, सोमवार. टाकळी, गुरुवार. सोनखास, मंगळवार. सोनखास, शुक्रवार. उमरी, शनिवार. मी खाली खाली जात होते. एकही फाईल चुकीच्या वाराची नव्हती. एकही रविवार नव्हता. पोस्टाच्या सुट्टीची सव्वीस जानेवारीसुद्धा नव्हती. हे सगळं माझ्या हाताने टाईप केलेलं, पाच महिने, आणि माझ्या डोक्यात एकदाही प्रकाश पडला नव्हता.

मग वेळा पाहिल्या. थंडीतल्या फाईलींत उमरी सकाळी साडेआठ-नऊ, डोंगरखेड दुपारी. होळीनंतरच्या फाईलींत उलटं. डोंगरखेड सकाळी, उमरी दुपारी.

आणि मला आईचा आवाज आठवला. "उलटी फेरी सुरू झाली तुह्या बाबाची, लवकर ऊठ, डबा लवकर पायजे." उन्हाळ्यात बाबा लाईन उलटी करायचे. ऊन चढायच्या आत आधी लांबचं डोंगरखेड गाठायचं, आणि मग परत येताना भर दुपारी उमरीत, माणसांत, सावलीत. त्यासाठी ते उमरीत शिरायचेच नाहीत. गावाच्या मागून पांदणीने, बैलगाडीच्या जुन्या वाटेने, सरळ धरणाकडे. पारावरच्या माणसांना ते दिसणार कसे? आम्ही सगळ्यांनी बिचाऱ्या उमरीला विचारलं आणि विश्वास ठेवला.

मी कोणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते, पाखराचं टाईमटेबल आहे म्हणून? पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि स्कूटी काढली. पांदणीत काटे, ढेकळं, दोनदा गाडी पडली. शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी टाकून पळत गेले. सेहेचाळीस वर्षांची बाई, वजन सांगत नाही. पळताना एकच गोष्ट डोक्यात होती… बाबा इथवर आले असतील तर परत निघाले असतील, आणि उमरीपर्यंत तीन किलोमीटर नुसतं उघडं रान आहे. एक झाड नाही. तिथे मला ते कसे सापडतील, हे मी मनात बघत होते आणि बघायचं नव्हतं.

चिंच दिसली. खाली, शाळेच्या भिंतीला टेकून, पाण्याकडून दिसणार नाहीत असे, बाबा बसले होते. पिशवी मांडीवर. एका पायात चप्पल. ओठ सुकलेले, पण डोळे जागे.

मी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. थोडं पाणी पिऊन ते म्हणाले, "हळू वो बाई. ठसका लागन."

मी रडत होते, पायाशी बसून. "काहून आलते बाबा इतक्या दूर? आन् बसून काहून राह्यले अथी?" रडताना माझी भाषा आपोआप त्यांची होते.

"निंगलो होतो ना मी उमरीले," ते म्हणाले. "पन बदली आला. मंग म्या म्हनलं, जा बा तू आता, मी बसतो जरासा."

"कोन बदली?"

त्यांनी बोट वर केलं.

मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर हात-दीड हात उंच फांदी असेल. तिथे तो बसला होता. इतके फोटो मी छापले, पण फोटोत ते समजत नाही. पानांची सावली त्याच्या अंगावर हलत होती आणि तो अजिबात हलत नव्हता. माझ्याकडे पाहत होता. मला भीती नाही वाटली. मला त्याची लाज वाटली, हे मी खरं सांगते. का ते तेव्हा कळलं नाही. मग तो उठला आणि उमरीच्या दिशेने सरळ निघून गेला, घाई न करता. बाबा त्याच्याकडे डोळ्यांवर हात धरून बघत राहिले, एखाद्या नव्या माणसाचं काम बघावं तसं.

"भरवशाचा हाये," ते म्हणाले. "टाईमावर येते. पन एक हाये. हाक नाई मारत. डाकवाल्यानं दारात उभं राहून हाक माराले पायजे, नाई तं लोकाईले कसं समजन?"

मी देवरावभाऊंना फोन लावला, रेंज एका दांडीची. ते डोंगा घेऊन आले, पलीकडे रस्ता होता, तिथून गाडीने दवाखाना. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सावलीत बसून राहिले म्हणून वाचले, त्या उन्हात परत चालले असते तर काही खरं नव्हतं. मी विचारलं, यांच्यासारखा माणूस असा आपण होऊन बसून राहतो का? त्या म्हणाल्या, सहसा नाही, असे पेशंट चालत सुटले की चालतच राहतात. मग म्हणाल्या, नशीब.

भाऊ दुसऱ्या दिवशी आला, अमरावतीचा फॉर्म घेऊन. बाबा निजले होते. मी त्याला फोल्डर दाखवलं. तो इंजिनिअर आहे, त्याने अर्धा तास फाईलींच्या तारखा कॅलेंडरशी लावून पाहिल्या. मग विचारलं, पहिली फाईल कोणत्या दिवसाची? ती उमरीची, बुधवार. त्याने आपला फोन काढला, माझे जुने मेसेज वर वर नेले आणि कडीचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. मंगळवार संध्याकाळ. त्याच बुधवारच्या आदल्या दिवशीची.

म्हणजे मी दाराबाहेर उभी राहून "दिला बदली" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला तो लाईनीवर हजर होता.

मी खोटं म्हणून जे बोलले ते त्या पाखराने पाच महिने खरं केलं होतं, चिंचेखाली लाज त्याचीच वाटली होती. मग भावाने विचारलं, "स्क्रू ड्रायव्हर कुठं आहे?" कडी त्यानेच काढली. चार भोकं राहिली आहेत दारात, ती मी बुजवली नाहीत. फॉर्म परत पुण्याला गेला. जाताना त्याने फाट्याच्या बाजूने मजबूत तारेचं फाटक करून दिलं आणि बाबांच्या गळ्यात नाव-नंबरचं कार्ड घातलं. लॅमिनेशन माझं.

आणि मी एक ठरवलं. दुपारी दुकान दोन तास बंद. पाटी लावली आहे. स्कूटीवर मागे बाबा, खांद्याला पिशवी, आणि ज्या वाराला जे गाव, तिथे. पावसाळा लागला तशी लाईन सरळ केली. पिशवीत लोकांचेच कागद असतात, झेरॉक्स केलेले फॉर्म, आधारच्या प्रती, ज्यांना थांब्यापर्यंत येणं होत नाही त्यांचे. बाबा दारात उभे राहतात आणि हाक मारतात, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. निम्मी नावं वारलेल्या माणसांची असतात. पण त्यांची पोरं, सुना बाहेर येतात. "जय भीम डाकेवाले, या, बसा." टाकळीच्या त्या म्हातारीची सून ताक देते. जुन्या डोंगरखेडात मात्र कोणी नाही, तिथे ते चिंचेखाली उभे राहून एकदा वर बघतात आणि मग म्हणतात, चाल.

डॉक्टर म्हणतात आजार जिथे आहे तिथे आहे. असेल. पण ते रात्री निजतात, जेवतात, आणि दार हलवत नाहीत.

पांढरा ससाणा त्या बुधवारनंतर कोणालाच दिसला नाही. यवतमाळच्या एका पक्षी जाणणाऱ्या सरांना मी फोटो दाखवले. ते म्हणाले शिकरा आहे, अंगात रंग कमी तयार होतो अशी पाखरं क्वचित जन्मतात, त्यात चमत्कार नाही. मला पटलं. मग वारांचं विचारलं. त्यांनी यादी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे कशामुळे, ते मी नाही सांगू शकत." मीही नाही सांगू शकत. गिऱ्हाईकं अजून विचारतात, ताई, पाखरू काहून दिसत नाही आता? मी म्हणते, मूळ माणूस ड्यूटीवर आला की बदली घरी जातो. ते हसतात. मी पण हसते, आणि फोल्डर तसंच ठेवलं आहे.

एकच सांगते आणि थांबते. मी लहान असताना बाबा लाईन संपवून आले की सरळ घरात शिरायचे नाहीत. अंगणात उभे राहून हाक मारायचे, "सुजाता नामदेव… डाक!" मी धावत यायची आणि हातात चार बोरं किंवा चिंच पडायची. परवा शनिवारची लाईन करून परतलो. बाबा स्कूटीवरून उतरले, शर्ट नीट केला, आपल्याच दारासमोर उभे राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "थांबा वो बाई, ह्या घरची एक राह्यली." आणि दाराकडे तोंड करून, मोठ्याने, "सुजाता नामदेव… डाक!"

वर्षभरात त्यांच्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. स्कूटी स्टँडला लावली, वळसा घालून मागच्या दाराने घरात शिरले, आणि पुढच्या दाराने धावत बाहेर आले. त्यांनी पिशवीत हात घातला. हातात चिंच होती.